सर हेक्टरच्या सभेतलं माझं चौथं भाषण

“बोल, आया,” साहेब म्हणाला, आणि मी बोलायला लागले.

समोर तीनशे माणसं. सगळी लालबुंद गालांची, टोप्या काढून मांडीवर ठेवलेली, आणि ज्याच्या त्याच्या पायाशी एक कुत्रा. माणसांपेक्षा कुत्रेच जास्त मन लावून ऐकत होते. मी वर स्टेजवर, नऊवारी नेसलेली, आतून मडमेचे दोन जुने लोकरी झगे चढवलेले, त्यामुळे पोटुशी बाई दिसत असणार. मी साहेबाकडे बघून हात जोडले, गोड हसले आणि म्हणाले, “मेल्या हेक्टरा, अकरा महिने मी तुझ्या या बर्फाच्या घरात कुडकुडतेय. तुझ्या मिशीत उवा पडोत. तुझी सगळी मेंढरं तुला सोडून समुद्रात चालती होवोत.”

साहेबाने डोळे मिटून मान डोलवली. मग लोकांकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, “ही म्हणते, मुंबईत घरोघरी माझ्या घराण्याचं नाव आदराने घेतात.”

टाळ्या पडल्या. मागचा एक कुत्रा मात्र भुंकला. त्या हॉलमध्ये मराठी समजणारा तेवढा एकच होता.

ते माझं पहिलं भाषण. खोटं वाटत असेल तर वाटू दे, पण स्कॉटलंडात मी इलेक्शनची चार भाषणं केली आहेत.

हा सर हेक्टर मॅकार्डल म्हणजे लहान आसामी नव्हे. तिकडे त्याचे सात डोंगर होते. मी मोजले नाहीत, पण पाच वेड्या बहिणी उभ्या राहिल्यासारखे ते माझ्या खिडकीतून दिसायचे आणि दोन मागे लपलेले होते, असं स्वयंपाकीण सांगायची. डोंगरावर मेंढरं, डोंगराखाली कुळं, मधोमध याचा दगडी वाडा. इकडे मुंबईला फोर्टात त्याच्या आज्यापासूनची पेढी. कापूस, काथ्या, काजू, जे जहाजात मावेल ते. शिवाय स्वारी लंडनच्या पार्लमेंटात मेंबर. दोन वर्षं पेढी सांभाळायला मुंबईला आला होता, तिथे त्याला मुलगी झाली, आणि तिला सांभाळायला मी लागले.

मी वेंगुर्ल्याची, सत्यभामा केळुसकर. चोविसाव्या वर्षी विधवा. पदरात तीन वर्षांची शेवंती. साहेब परत जायला निघाला तेव्हा पेढीत खुर्चीवर बसून मला म्हणाला, “सहा महिने चल. बाळ तिकडे रुळलं की मी तुला माझ्या खर्चाने घरी पाठवीन. माझा शब्द.” कारकुनाने ते मला मराठीत सांगितलं. मी शेवंतीला आईकडे ठेवलं आणि तिला सांगितलं, सहा महिन्यांत येते. तिला सहा किती ते ठाऊक नव्हतं. मी तिच्या बोटांवर मोजून दाखवलं, एका हाताची पाच आणि दुसऱ्याचं एक.

सहाचे आठ झाले. मी मडमेला विचारलं. मडम म्हणाली, “हिंदुस्थानात जाणारं एखादं कुटुंब बघ, त्यांची आया होऊन जा.” त्या डोंगरात हिंदुस्थानात जाणारं कुटुंब कुठलं? तिथले लोक पलीकडच्या खोऱ्यात जायचे तरी मृत्युपत्र करून जात. नवव्या महिन्यात साहेबाला विचारलं. साहेब पेपर वाचत होता. पेपराच्या मागून म्हणाला, “इलेक्शन झाल्यावर बघू.”

स्वयंपाकघरात ग्रेगरबाई होत्या. पन्नाशीच्या, दंड माझ्या मांडीएवढे, एका हाताने बकऱ्याची मांडी तोडायच्या. मी त्यांना साहेबाचं बोलणं सांगितलं तेव्हा त्या कोंबडीची पिसं काढत होत्या.

“इलेक्शन झाल्यावर ही मंडळी लंडनला जाणार,” त्या म्हणाल्या. “थंडीभर वाडा बंद. बाळाला तिकडे इंग्लिश नर्स ठरली आहे.”

“आणि मी?”

“तुला लंडनला नेऊन सोडतील. तिथे म्हणे तुझ्यासारख्यांसाठी एक घर आहे. सोडून दिलेल्या आया असतात तिथे. कुणी नेईल म्हणून वाट बघत बसतात.”

“किती दिवस?”

ग्रेगरबाईंनी कोंबडी उलटी केली. “मला काय ठाऊक, पोरी. काही तिथेच म्हाताऱ्या होतात.”

मी त्या दिवशी चुलीपुढे बसून राहिले. शेवंतीच्या दोन्ही हातांची बोटं संपायला आली होती.

तेवढ्यात हे इलेक्शन उभं राहिलं. साहेबाच्या विरुद्ध एक शाळामास्तर होता. तो गावोगाव सांगत फिरायचा की सर हेक्टर इथे कुळांना पिळतो आणि तिथे हिंदुस्थानातल्या गरिबांना. साहेबाला ते झोंबलं. मग त्याच्या डोक्यात आलं, की घरात हिंदुस्थान आयताच आहे, तोच स्टेजवर उभा करावा. मला म्हणाला, “तू तुझ्या भाषेत दोन शब्द बोल. मी लोकांना समजावून सांगतो.”

आता साहेबाला मराठी येत नव्हतं. त्याला बारा शब्द येत होते. पाणी, जल्दी, चूप, गाडी, असे. पण तिथल्या लोकांना तो पंडितच वाटायचा, आणि साहेबालाही हळूहळू तसंच वाटायला लागलं होतं. माझं इंग्रजी त्याच्या मराठीपेक्षा पुष्कळ बरं, ते मी ग्रेगरबाईंकडून शिकले होते. पण ते त्याने मला कधी विचारलं नाही.

पहिल्या सभेत मी शिव्या दिल्या, ते सांगितलंच. दुसऱ्या सभेत शिव्या संपल्या म्हणून बांगड्याचं तिखलं कसं करतात ते सांगितलं. तिरफळं शेवटी टाकायची, आणि झाकण ठेवायचं नाही. साहेब म्हणाला, “ही म्हणते, माझ्या पेढीमुळे तिच्या गावाला सुबत्ता आली.” तिसऱ्या सभेत मी आमच्या आळीतल्या फणसाच्या भांडणाची सगळी हकीकत सांगितली, कुणाचा फणस कुणाच्या परड्यात पडला आणि कुणी कुणाची वेणी धरली. हातवारे करून सांगितलं. साहेब म्हणाला, “ही रेल्वेबद्दल बोलते आहे.” एका म्हाताऱ्या धनगराने डोळे पुसले.

घरी आल्यावर मी ग्रेगरबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की पिठाचं भांडं खाली गेलं. मग त्यांनी उठून दार लोटून घेतलं.

“प्रश्न विचारायची वेळ असते तेव्हा तू कुठे असतेस?” त्यांनी विचारलं.

“मडम मला बाहेर गाडीत पाठवते. बाळाजवळ.”

“म्हणून तुला ठाऊक नाही.” त्यांनी हात पुसले. “आमच्याकडे एक रीत आहे. भाषण झालं की उमेदवाराला उभं राहावं लागतं आणि खाली बसलेला कुणीही त्याला प्रश्न विचारतो. लॉर्ड असला तरी उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर त्याचं नाक गेलं. माझ्या बापाने याच्या बापाला एका पुलाबद्दल विचारलं होतं. तीन महिन्यांत पूल झाला.”

“मला मत नाही, ग्रेगरबाई.”

“मत असायला लागत नाही. छपराखाली असायला लागतं.” मग त्यांनी पिठाने भरलेलं बोट माझ्या नाकासमोर धरलं. “पण तीन गोष्टी. स्टेजवरून विचारायचं नाही. स्टेजवरचे सगळे त्याचे, खालचे ते लोक. तू खाली यायला हवं. दुसरं, एकच गोष्ट विचारायची. तिसरं, उत्तर मिळेपर्यंत बसायचं नाही. खाली टेकलीस की तुझं समाधान झालं असं धरतात. कोण काय वाटेल ते म्हणो, बसायचं नाही.”

“तुम्ही का नाही विचारत काही?”

“मी त्याच्या घरची भाकरी खाते.”

“मीपण खाते.”

“तुला जायचं आहे,” ग्रेगरबाई म्हणाल्या. “मला इथेच राहायचं आहे.”

आठ दिवस आम्ही तालीम केली. त्या बटाटे सोलत साहेब व्हायच्या आणि मी कोबी चिरत प्रश्न विचारायची. त्या साहेबासारखं घसा खाकरून म्हणायच्या, “बस खाली, बाई.” आणि मी जरा जरी वाकले तर बटाटा फेकून मारायच्या.

शेवटची सभा मतदानाच्या आदल्या शनिवारी, भर दुपारी, कारण त्या दिवसांत तिथे चारलाच दिवे लावायला लागतात. तालुक्याचा सगळ्यात मोठा हॉल. माणसं खिडक्यांत बसली होती. त्या दिवशी बाळ घरी ठेवलं होतं, म्हणून मडमेने मला गाडीत पाठवायचं कारण उरलं नव्हतं. बाळाला थोडी सर्दी आहे असं सकाळी मीच मडमेला सांगितलं होतं. बाळ ठणठणीत होतं.

साहेबाचं भाषण तासभर चाललं. आजोबा एक पत्र्याची पेटी घेऊन मुंबईला कसे गेले, काथ्याचे दोर विकून मोठे कसे झाले, त्या पैशातून हे डोंगर कसे घेतले. तिसऱ्या रांगेत ग्रेगरबाई बसल्या होत्या. डोंगर घेतले म्हटल्यावर त्यांनी मान खाली घातली. त्यांच्या आजीचं घर त्यातल्याच एका डोंगरावर होतं, मेंढरांना जागा हवी म्हणून ते पाडलं, हे मला माहीत होतं. आमच्या वेंगुर्ल्याच्या बायकांनी वळलेल्या काथ्याने त्यांची आजी घराबाहेर पडली होती, आणि आम्हा दोघींपैकी कुणालाच त्यात काही मिळालं नव्हतं.

“बोल, आया,” साहेब म्हणाला.

त्या दिवशी मला शिव्या आठवल्या नाहीत, तिखलंही आठवलं नाही. मी म्हणाले, “साहेब, माझी मुलगी चार वर्षांची झाली. तिचं नाव शेवंती. तिला मी सहा महिने सांगितले होते. तुम्ही मला शब्द दिला होता. मला घरी जायचं आहे.” सरळ बोलले, हात जोडले नाहीत.

साहेबाने नेहमीसारखी मान डोलवली. लोकांकडे वळला. “ही म्हणते,” तो म्हणाला, “तिला आता परत जायची इच्छाच नाही. माझं घर हेच तिचं घर.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी स्टेजच्या पायऱ्या उतरायला लागले. चारच पायऱ्या होत्या, पण लाकडी, प्रत्येक करकरली.

“आया,” मडम दातांतून म्हणाली. “इकडे ये.”

मी गेले ती तिसऱ्या रांगेत. ग्रेगरबाई सरकल्या, त्यांच्या शेजारचा म्हाताराही सरकला, त्याचा कुत्रासुद्धा सरकला. मी बसले.

अध्यक्ष म्हणून गावचे पाद्री होते. त्यांनी विचारलं, “कुणाला प्रश्न?” एकाने कुंपणाबद्दल विचारलं, एकाने लोकरीच्या भावाबद्दल. साहेबाने दोघांना गुळगुळीत उत्तरं दिली, दोघेही बसले. मग पाद्री म्हणाले, “आणखी कुणी?”

मी उभी राहिले.

हॉलमध्ये आधी कुजबुज झाली, मग इतकी शांतता, की कुत्रे अंग खाजवायचे थांबले.

“बस खाली, बाई,” पाद्री मऊपणे म्हणाले. “तुला मत नाही.”

मी बसले नाही. शेजारचा म्हातारा बसल्या जागेवरून म्हणाला, “छपराखाली आहे ना ती?”

“आहे, पण...”

“माझ्या बापाच्या वेळेपासून जो छपराखाली तो विचारतो. का आता नवी रीत निघाली, पाद्रीबाबा?”

मागून दोघेचौघे म्हणाले, “विचारू दे तिला.”

मग मी इंग्रजीत बोलले. नुसत्या इंग्रजीत नाही, ग्रेगरबाईंच्या इंग्रजीत, त्या डोंगरातल्या बोलीत, अगदी त्यांच्यासारखे जिभेवर र घोळवत. पहिला शब्द कानावर पडला मात्र, पुढच्या रांगेतल्या एकाच्या तोंडातली चिलीम गळून पडली.

“सर हेक्टर,” मी म्हणाले, “मी काय बोलले ते तुम्ही सांगितलंत. मी ते बोललेच नव्हते. तुम्ही मुंबईला मला शब्द दिला होता, सहा महिन्यांत घरी पाठवीन. आज अकरा झाले. घरी माझी चार वर्षांची मुलगी आहे. मला कधी पाठवता?”

साहेब हसला. त्याचं ते हसू मी ओळखत होते, पेपराच्या मागचं. “ही आमची घरगुती बाब आहे. इलेक्शन झाल्यावर आपण...”

“मला कधी पाठवता?”

“आया, बस खाली,” मडम म्हणाली.

“बस, बाई,” पाद्री म्हणाले.

मी नकळत बाकाकडे वाकायला लागले होते. शेजारी ग्रेगरबाईंनी पिशवीत हात घातला. त्यांनी बटाटा आणला होता. मी ताठ झाले.

तेवढ्यात त्या म्हाताऱ्याने पाय आपटला. एकदा. मग परत. मग त्याच्या मागच्याने आपटला. तिथल्या माणसांचे जोडे खिळे ठोकलेले, जमीन लाकडाची. बघता बघता तीनशे माणसं पाय आपटायला लागली, सगळी एका ठेक्यात, काही न बोलता. खिडक्यांची तावदानं थरथरली. स्टेजवरचा पाण्याचा ग्लास चालत चालत टेबलाच्या कडेला आला आणि खाली पडला. छपरावरची कावळ्यांची पाच घरटी त्या दिवशी उठून मास्तराच्या शाळेवर गेली ती परत आली नाहीत.

साहेबाने हात वर केला. पाय थांबले.

“पुढच्या जहाजाने,” तो म्हणाला.

मी बसले नाही. “कुठल्या?”

“शनिवारी ग्लासगोहून एक निघतं.” आता त्याची मिशी हलत होती. “येत्या शनिवारी.”

“तिकीट कोण काढतं, आणि कधी?”

साहेबाने आपल्या कारभाऱ्याकडे पाहिलं. कारभाऱ्याने वही काढली, उभ्याउभ्याच लिहिलं. पाद्रींनी तो कागद घेतला, चष्मा लावला आणि सगळ्या हॉलला वाचून दाखवला. जहाज, तारीख, ग्लासगो ते मुंबई, मुंबई ते वेंगुर्ला. वेंगुर्ला त्यांना वाचता येईना. मी उभ्या उभ्या दोनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा सगळ्या हॉलने माझ्याबरोबर म्हटलं.

तेव्हा मी बसले.

“आणखी कुणी?” पाद्रींनी घाम पुसत विचारलं.

माझ्या शेजारी बाक करकरलं. ग्रेगरबाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. “सर हेक्टर,” त्या म्हणाल्या, “माझ्या भावाच्या घराचं छप्पर चार वर्षं गळतंय. तुमच्या परवानगीवाचून त्याला ते दुरुस्त करता येत नाही. परवानगी कधी देता?”

 आठ दिवस त्या माझी तालीम घेत होत्या की स्वतःची, ते मला तेव्हा कळलं. साहेबाने परवानगी दिली. त्यांच्यामागून आणखी अकरा जण उभे राहिले. दिवे लागले तरी सभा चालू होती.

इलेक्शन साहेबच जिंकला. दोनशे बारा मतांनी. मला जरा वाईट वाटलं, पण ग्रेगरबाई म्हणाल्या, “जिंकू दे. आता त्याला ठाऊक आहे की आम्ही विचारतो.” त्यांना कामावरून काढायची हिंमत त्याला झाली नाही, तालुकाभर नाव झालं होतं बाईचं.

मी निघाले त्या सकाळी साहेब दारापर्यंत आला. “तू मला पाडणार होतीस,” तो म्हणाला.

“तुम्ही उत्तर दिलंत म्हणून निवडून आलात, साहेब.”

त्याने विचारलं, “पहिल्या सभेत तू खरं काय बोलली होतीस?”

“तुमच्या घराण्याबद्दलच बोलले होते,” मी म्हणाले आणि गाडीत बसले.

मुंबईला उतरले तेव्हा गोदीतला एक गोरा साहेब माझं इंग्रजी ऐकून टोपी काढून उभा राहिला, त्याला वाटलं मी त्याच्या मावशीच्या गावची. मुंबईहून आगबोटीने वेंगुर्ल्याला. बंदरावर आई उभी होती. तिच्या लुगड्याआडून एक डोळा दिसत होता.

“शेवंते, ये गो,” मी म्हणाले.

डोळा आत गेला. लुगड्याच्या आतून आवाज आला, “आजी, ही परत कधी जाणार?”

आईने माझ्याकडे पाहिलं. “तिलाच विचार.”

शेवंती बाहेर आली. उंच झाली होती, आणि पुढच्या एका दाताचा तुकडा उडाला होता. कंबरेवर हात ठेवून तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. तिची नजर माझ्या पायांवर थांबली. पायात ग्रेगरबाईंनी निघताना दिलेले त्यांचे जुने बूट होते, काळे, घोट्यापर्यंतचे, खिळे ठोकलेले. वेंगुर्ल्याच्या बंदरावर तसले बूट घातलेली बाई कुणी पाहिली नसेल.

“तू परत कधी जाणार?” तिने विचारलं.

“जाणार नाही.”

“कशावरून?”

तीनशे माणसांसमोर माझी जीभ अडखळली नव्हती. पण इथे कागद नव्हता, पाद्री नव्हता, आणि माझ्या शब्दाची किंमत तिला बोटांवर मोजून माहीत होती. ती उभीच होती, हलायला तयार नव्हती.

मी तिथेच बंदराच्या दगडावर बसले. एका बुटाची नाडी सोडली, बूट ओढून काढला आणि जोर लावून समुद्रात फेकला. तो बुडाला.

शेवंतीने पाण्याकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे.

“दुसरा पण,” ती म्हणाली.